मोकळ्या रानातला खांब

प्रिय बाबा,

'प्रिय' हा शब्द लिहून मी बराच वेळ पेन खाली ठेवलं होतं. तो खोडणार नाही, कारण खरा आहे. पण त्याच्या पुढचं सगळं रागानं लिहिलेलं आहे, तेव्हा चष्मा लावून, खुर्चीत नीट बसून वाचा, आणि अर्ध्यावर टाकून गॅरेजमध्ये निघून जाऊ नका. फोन केला असता तर नेहमीसारखं 'गिऱ्हाईक आलंय' म्हणून तुम्ही ठेवून दिला असतात. पत्राच्या मध्येच गिऱ्हाईक येत नाही.

मी मोटारसायकलच्या रेसिंग स्कूलमध्ये जाऊन आले. पूर्ण कोर्स केला. मी जाणार म्हटल्यावर तुम्ही पाना हातात धरून हसला होतात, आठवतंय? माझ्या मुलीला गाडी शिकवायला आता परकी माणसं लागतात का, म्हणालात. खरं सांगू, मी शिकायला गेलेच नव्हते. मी दाखवायला गेले होते. हॉस्पिटलमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या मोडक्या हाडांचे एक्स-रे काढते, त्यातले निम्मे गाडीवरून पडलेले असतात, आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, हे माझ्या बाबांकडे शिकले असते तर इथं आले नसते. एवढा विश्वास होता. चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई, आणि डोक्यात एकच हवा, की मी डोंगररस्त्याच्या राजाची मुलगी आहे.

शाळा म्हणजे जुनी, बंद पडलेली धावपट्टी आणि तिच्या भोवती बांधलेला वळणावळणांचा ट्रॅक. बाजूला पत्र्याच्या छपराखाली वर्ग, प्लास्टिकच्या खुर्च्या, फळा, आणि सगळीकडे तापलेल्या टायरचा वास. त्या वासानं मला आपलं गॅरेज आठवलं आणि मी लगेच घरच्यासारखी वागायला लागले. चामड्याचा सूट भाड्याचा होता. तो चढवताना मला दोघींनी दोन्ही बाजूंनी ओढलं, आणि चेन लागल्यावर मी उशीच्या अभ्र्यात कोंबलेल्या गादीसारखी दिसत होते. आमच्या तुकडीत एक दातांचा डॉक्टर होता, एक बेकरीवाला होता, त्याच्या बुटांना पीठ लागलेलं असायचं. दोघांनीही आयुष्यात कधी डोंगररस्ता पाहिला नव्हता. मला त्यांची कीव आली होती.

सरळ पट्ट्यावर मी त्यांना मागं टाकायची आणि वळण आलं की ते दोघं शांतपणे आतल्या बाजूनं मला ओलांडून जायचे. दर फेरीला. मी आणखी जोर लावायची, ब्रेक आणखी उशिरा दाबायची, हँडल आणखी घट्ट धरायची. दुपारपर्यंत माझे दंड इतके भरून आले, की पाण्याची बाटली उघडेना. मग एका वळणावर बेकरीवाला घसरला. त्याला काही लागलं नाही, पण गाडी बाहेरच्या खडीत आडवी पडली होती, आणि माझे डोळे तिच्यावर गेले. गेले ते गेलेच. ट्रॅक चांगला रुंद होता, माझी वाट पूर्ण मोकळी होती, आणि मी ट्रॅक सोडून, खडी उडवत, थेट त्या पडलेल्या गाडीकडे गेले. हातभर अंतरावर थांबले. मुद्दाम नेम धरला असता तरी इतकं अचूक जमलं नसतं.

तिथल्या मुख्य शिक्षिका म्हणजे साठीला आलेल्या, केस बारीक कापलेल्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या बाई. सगळे त्यांना मास्तरीण म्हणतात.  संध्याकाळी वर्गात त्यांनी फक्त माझ्या गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. कॅमेरा माझ्याकडे वळवलेला होता. बाबा, मी स्वतःला पाहिलं. कोपरं ताठ, खांदे कानापर्यंत, आणि हेल्मेट सतत खाली झुकलेलं. पुढच्या चाकासमोरचा डांबराचा तुकडा, त्यापुढचा डाग, त्यापुढची भेग, एवढंच बघत होते. प्रत्येक वळण संपेपर्यंत मी त्या वळणातून बाहेर पडायची जागा एकदाही पाहिलेली नव्हती. मास्तरीणबाईंनी चित्र थांबवलं आणि विचारलं, तुम्हाला गाडी कुणी शिकवली? मी मान वर करून सांगितलं, माझ्या वडिलांनी. त्या म्हणाल्या, त्यांनी तुम्हाला धोक्याकडे बघायला शिकवलंय.

होच की. 'जिथं धोका, तिथं डोळे.' सकाळचा चहा झाला की तुम्ही दादाला आणि मला गॅरेजमागच्या मैदानात घेऊन जायचात. विटा मांडायचात. वीट दिसली की तिच्यावरून नजर हलली नाही पाहिजे, म्हणायचात. हलली की पाठीत धपाटा. मला कमी बसायचे, कारण मी धाकटी आणि लाडकी. दादा बिचारा नजर उचलून लांब बघायचा, ती त्याची जन्माचीच सवय, आणि तुम्ही म्हणायचात, ढगात बघतोस का रे, खाली बघ. त्याला तुम्ही खाली बघायला शिकवलंत, बाबा. मेहनत घेऊन शिकवलंत.

मास्तरीणबाईंनी फळ्यावर एक साधं वळण काढलं आणि सांगितलं, की गाडी तुमच्या हातांचं फार कमी ऐकते, ती तुमच्या डोळ्यांमागे जाते. घाबरलेला माणूस ज्या वस्तूकडे टक लावून बघतो, तिलाच जाऊन धडकतो. कितीही मोकळी जागा असो. त्याची चूक नसते, शरीर तसंच बनलेलं असतं, म्हणून तर नजर सोडवून वाटेवर न्यायची हे मुद्दाम शिकवावं लागतं. डॉक्टर वहीत लिहून घेत होता. मला ऐकू येणं बंद झालं होतं. मला आपल्या डोंगररस्त्यावरचं, पाण्याच्या टाकीखालचं वळण दिसत होतं. एका बाजूला रान, नुसतं गवत, ना झाड ना दगड, आणि मधोमध दिव्याचा एकुलता एक खांब.

दादा एकोणीस वर्षांचा होता. तुमच्या मागून येत होता, रस्त्यावर वाळू सांडलेली होती, गाडी जराशी हलली, आणि तो सगळं रान सोडून त्या खांबावर गेला. हॉस्पिटलमध्ये त्याचा पाय वजनं बांधून टांगलेला होता. काका, मामा, तुमचे डोंगररस्त्यावरचे दोस्त, सगळे खाटेभोवती उभे होते. आणि तुम्ही त्याच्या उशाशी उभं राहून म्हणालात, 'एवढं मोकळं रान पडलंय आणि हा खांब शोधून काढतो. दम नाही याच्यात. घाबरट आहे.' तो जागा होता. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. आईनं तुमचा हात दाबला, तर तिलाही म्हणालात, खोटं बोलतोय का मी?

त्यानंतर तो गाडीवर बसला नाही. पाय आखूड झाला म्हणून नाही, डॉक्टर तर सहा महिन्यांत गाडीवर बस म्हणाले होते. तुम्ही त्याचं नावच 'खांब' पाडलंत. खांब जेवला का, खांब कुठं गेला. त्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मोठ्यानं म्हणालात, नवरदेवाला मांडवाच्या खांबापासून लांब बसवा. सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त हसला, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आजही तो छापखान्यात मुद्रितं तपासायला जातो तेव्हा बसच्या थांब्यावर एका पायावर भार देऊन उभा असतो, आणि शेजारून मोटारसायकल गेली की चपलेकडे बघतो. एवढी वर्षं मला वाटायचं, तो भित्राच आहे, त्याला कोण काय करणार. त्यानं तर तुम्ही शिकवलेलं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. धोका दिसला, आणि त्यानं डोळे तिथंच ठेवले.

इथवर असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं, बाबा. तुम्ही स्वतः तसंच शिकला असाल, ट्रकांच्या गर्दीत, खड्ड्यांतून, कुणी शिकवणारं नसताना. माणसाला जे येतं तेच तो पोरांना देतो. शेवटच्या दिवसापर्यंत मी मनात तुमच्या बाजूनंच भांडत होते. मग निरोप घेताना मास्तरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, तुम्ही पहिल्या फेरीला ट्रॅकवर आलात तेव्हाच मी ओळखलं होतं. असा एक खांदा पाडून, चाकात नजर घालून चालवणारा एकच माणूस मी पाहिलाय, फार वर्षांपूर्वी. आणि त्यांनी तुमचं वर्णन केलं. निळी डांगरी, मिशा, गॅरेजच्या नावाची टोपी.

तुमच्या दोस्तांनी वाढदिवसाला तुम्हाला त्या शाळेचा एक दिवस भेट दिला होता. तुम्ही जेवणाच्या आत घरी परत आलात आणि तिथं पोरखेळ चालतो म्हणालात, ते मला चांगलं आठवतं. आईनं भरून दिलेला डबा तसाच परत आणला होतात. पोरखेळ नव्हता तो. तेव्हा त्या बाई तिथं नवीन लागल्या होत्या. त्यांनी तुम्हाला हेच सगळं सांगितलं होतं, त्याच फळ्यावर. तुम्हाला सरळ म्हणाल्या होत्या, तुम्ही आजवर वाचलात ते रस्ता पाठ आहे म्हणून, पण हे दुसऱ्या कुणाला शिकवू नका, तो वाचणार नाही. आणि तुम्ही उत्तर दिलंत, बाईमाणसानं मला गाडी शिकवायची नाही, माझा मुलगा माझ्याच पद्धतीनं शिकेल. हेल्मेट काढून टेबलावर आपटलंत आणि निघालात. पुढच्याच वर्षी दादा त्या खांबावर गेला.

म्हणजे हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी उभे होतात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तो खांबावरच का गेला, हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही त्याला घाबरट म्हणालात. मी हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, दुसऱ्या कुठल्या तरी अर्थानं वाचता येतं का म्हणून. येत नाही.

आणि मला तिथं गाडी यायला लागली, याचाही मला राग आहे. दुसऱ्या आठवड्यात मास्तरीणबाई स्वतः गाडी घेऊन माझ्या पुढं आल्या, आपल्या मागच्या सीटवर थाप मारून खूण केली, माझ्या गाडीच्या मागोमाग या. वळणाच्या आधीच ब्रेक संपवायचा, मुठी सैल सोडायच्या, हनुवटी खांद्याकडे न्यायची आणि जिथून बाहेर पडायचंय तिथं बघायचं, गाडी अजून वळलेलीही नसताना.  चौथ्या-पाचव्या फेरीला गाडी माझ्याखाली अशी अलगद वळली, की मी हेल्मेटच्या आत रडायला लागले. एवढं सोपं होतं ते. दादाला उपजतच येत होतं. ढगात बघतोस का रे, म्हणून तुम्ही त्याच्याकडून काढून घेतलंत ते हेच.

घरी आल्यावर मी त्याच्याकडे गेले. तो गॅलरीत मुद्रितं घेऊन बसला होता. मी त्याला नजरेचं सगळं सांगितलं, कागदावर वळण काढून दाखवलं. मला वाटलं, चिडेल, निदान तुमच्या नावानं दोन शब्द बोलेल. तो त्या कागदाकडे बघत बसला. वहिनीनं ठेवलेला चहा निवला. मग त्यानं इतक्या हळू विचारलं, की मला पुढं वाकावं लागलं. 'म्हणजे मी घाबरलो म्हणून नव्हतं ते?' पंचेचाळिशीचा माणूस, बाबा. केस पिकलेत त्याचे. मी म्हटलं, नाही रे, कुणाचंही तसंच झालं असतं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, पुन्हा कधी जाणार आहेस तिकडे. त्या फळ्यासमोर तुम्ही बसला होतात, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. 

हे पत्र कदाचित मी लिहिलंच नसतं. राग गिळायची सवय या घरात सगळ्यांनाच आहे. पण परवा दादाच्या मुलीचा फोन आला. आत्या, कुणाला सांगू नकोस, म्हणाली, शाळा सुटल्यावर आजोबा मला गाडी शिकवतायत, पुढच्या आठवड्यात टाकीच्या रस्त्यावर नेणार आहेत. आणि खुशीत येऊन पुढं म्हणाली, आजोबांनी शब्द दिलाय, तुला तुझ्या बापासारखं होऊ देणार नाही. फोन ठेवून मी लगेच दादाला सांगितलं. रविवारी सकाळी तो तुमच्याकडे येतोय, बसनं, एकटा. मुलीला तो मास्तरीणबाईंकडे घालणार आहे आणि तिच्याबरोबर स्वतःही नाव देणार आहे. तो तुमच्याशी भांडणार नाही, काही विचारणारही नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चहा पिऊन, मुलीला गाडीवर बसवू नका एवढं सांगून निघून जाईल. त्याला तसं जाऊ देऊ नका. शटर खाली ओढा, त्याला समोर बसवा, आणि त्या दिवशी जेवणाच्या आत घरी का परत आला होतात ते त्याला तुमच्या तोंडानं सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर सोमवारी मी सांगणार आहे. पण त्याला ते माझ्याकडून ऐकायचं नाहीये, बाबा. तुमच्याकडून ऐकायचंय.

रागावलेली, तरीही तुमचीच,
धाकटी