वार रुजते तेव्हा

प्रिय सीमावहिनी,

तुला सहावा महिना लागलाय हे मला दादाकडून कळलं. तू सांगितलं नाहीस याचा राग नाही. फोनवर तू हल्ली केळी कधी कापणार आणि पुण्यात थंडी किती एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र.

तू लोणखेड्याला लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारावीत होते. माझ्या वहीतली गर्भाशयाची आकृती दिसली की आई वही मिटायला लावायची. तू मात्र हळूच विचारलंस, "पोऱ्या मझार टांगेल ऱ्हास का वं?" त्या प्रश्नामागे जात जातच मी इथल्या प्रयोगशाळेत पोचले.

बाळ आत टांगलेलं नसतं, वहिनी. वार, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती, आईच्या गर्भाशयात रुजते. वारेच्या पेशी आत शिरून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतात, तेव्हा बाळाला पुरेसं रक्त मिळतं. त्या फार खोल गेल्या तर बाळंतपणात आईच्या जिवावर बेततं. कमी गेल्या तर बाळाची वाढ खुंटते, आईचं बीपी चढू शकतं. किती आत यायचं ते सांगायला आईच्याच रोगप्रतिकारक पेशी तिथे हजर असतात. त्या बारीक बारीक रसायनं सोडतात. काही म्हणतात ये, काही म्हणतात आता बस. माहेरी रनाळ्याला तू कापसाला पाण्याचं बारं द्यायचीस ना, वाफा भरला की माती ओढून पाणी वळवायचीस, अगदी तसं.

तीन वर्षांपूर्वी मला हे नीट माहीत नव्हतं. सातव्या महिन्यात तुझं बीपी वाढलं, बाळ गेलं. ओसरीत बायका भेटायला बसल्या होत्या, बाळ कशानं गेलं ते विचारत होत्या. तापीबाई आत्या म्हणाली, "आते शिकेल पोरलेच इचारा ना." शिकलेली पोर म्हणजे मी, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि ठाऊक नाही म्हणायची मला लाज वाटली. म्हणून म्हणाले, वहिनीच्या शरीरानं बाळाला परकं समजून झिडकारलं. आत्यानं लगेच सोपं करून टाकलं, "म्हंजे तिन्हं आंगच वैरी शे." तू आतल्या खोलीत जागी होतीस, हे मला नंतर कळलं. मी पुण्याला निघून आले, तू त्या वाक्यासोबत घरात राहिलीस.

तेव्हा नेमकं काय बिघडलं हे आजही मला सांगता येत नाही. पण आईच्या त्या रोगप्रतिकारक पेशी झिडकारायला नाही, सांभाळायला आलेल्या असतात. कुठे एखादा निरोप कमी पडला असेल. त्यात तुझा दोष नव्हता, वैर तर नव्हतंच.

काल दादा फोनवर रडला. महिनाभर तू बीपी मोजायला शहाद्याला गेली नाहीस, डॉक्टरांची गोळीही बंद केलीस. त्याला म्हणालीस, "मन्हं आंगच वैरी शे, गोळी काय करी?" वहिनी, हे बोलणं तुझं नाही, माझं आहे. माझ्या अर्धवट शहाणपणाचं. पत्राचा फोटो दादाच्या मोबाईलवर पाठवतेय, म्हणजे तुला आत्ताच वाचता येईल. परवा मी येतेय. त्याच ओसरीत, आत्याच्या देखत, मी चुकले होते हे सांगणार आहे. तू मात्र माझी वाट बघू नकोस. दादा गाडी काढून उभा आहे. आज जा.

चुकलेली, तरी तुझीच,
कामिनी