समुद्रावर पाटकरी नेमल्याची हकिगत

धुळे, १२ जानेवारी १९९२

तीर्थरूप झुलालआबांच्या पायांवर मगनचं डोकं.

आम्ही इकडे मजेत. तुमच्या गुडघ्याचं कळवा. मंजुळाकाकूंनी धाडलेली भरताची वांगी पोचली (एक कमी होतं, कंडक्टरलाही भरीत आवडत असावं). पुनानानांची खुशाली तुम्हाला विचारत नाही. बंधाऱ्यावर नारळ कोणी फोडायचा यावरून तुम्ही सख्खे भाऊ वर्षभर बोलत नाही, हे ठाऊक आहे. (पण भिंतीपलीकडे नाना खोकले की तुम्ही काकूंना काढा उकळायला सांगता, हेही या कानांनी ऐकलंय.)

तर आपले जावई वाल्मीकराव रत्नागिरीकडे समुद्राची नाडी बघायच्या सरकारी कामावर साहेब आहेत. किनाऱ्यालगत गावोगाव हंड्याएवढे तरंगते डबे सोडलेले. लाट किती उंच, पाणी किती गरम, ते आतलं यंत्र बिनतारी कळवतं आणि किनाऱ्यावरच्या खोलीत कागदावर रेघ उमटते. (डबे माझ्या कारखान्यातले. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करता करता तुमचा पुतण्या समुद्रापर्यंत पोचला. पोहता अजून येत नाही.) पण डबे टिकेनात. कोणी जाळ्याला बांधी, कोणी होडीला. शेवटी दिल्लीने कळवलं की यंदा डबे शाबूत राहिले नाहीत तर काम बंद. जावयांचं तोंड उतरलं, आपली लीला फोनवर रडली, म्हणून मी गेलो.

साहेब लोक नोटिसा चिकटवत फिरत होते, मी टपरीवर चहा पीत बसलो. तासाभरात उमगलं की डबा सरकारचा म्हणजे कोणाचाच नाही, असा तिथला हिशेब. मला तुमची फडाची बैठक आठवली. पांझरेचं पाणी पाटाने फडाफडातल्या साऱ्यांच्या शेतांत फिरतं, ते वाटायला-राखायला गावाचाच पाटकरी, आणि तुमचं ते बोलणं: ‘पाणी बठ्ठास्नं शे, मंग राखण बी बठ्ठास्नी.’ मी कोळ्यांना जमवून तेच सांगितलं, पाणी सगळ्यांचं तर राखणही सगळ्यांची. ज्या गावासमोर डबा, तो त्या गावाचा. गावाने आपला पाटकरी नेमावा. आणि होड्या निघण्याआधी वाल्मीकरावांनी रोज त्या गावाला लाटेची खबर द्यावी. लोकांना पटलं. भरात येऊन मी आपल्या फडाचे बाकीचे नियमही सांगून टाकले. तिथे चुकलं.

डबे शाबूत राहिले, पण रेघ बिघडली. दिवसभर समुद्र नीट उसळे आणि दिवेलागणीला साफ आडवा होई. वर पाणी तापायला लागे, तेही नेमकं जेवणाच्या वेळी. ऑफिसातल्या एका हुशार पोराने ‘संध्याकाळचा उष्ण प्रवाह’ म्हणून निबंध लिहायला घेतला. मला वास वेगळा आला (माशाच्या कालवणाचा). रघू तांडेल म्हणजे तिथला पाटकरी, त्याच्या घरी गेलो, तर डबा चुलीशेजारी, हळदकुंकू लावलेला, आणि रघूची आई त्याला पाठ टेकून बसलेली. रघू शांतपणे म्हणाला, “शेठ, तुम्हीच सांगितलंत ना, पाटकऱ्याने फावडं रात्री बांधावर टाकायचं नाही, घरी आणायचं?”

 मलाच हसू आवरेना, म्हातारीही हसली. आता डबे रात्रीही पाण्यातच असतात, रेघ नाचते, आणि या हिवाळ्यात अजून एकही गेला नाही. (उष्ण प्रवाहवाला पोरगा मात्र माझ्याशी बोलत नाही.) काकूंना नमस्कार.

आपला,
मगन

ता. क. दिल्लीचे साहेब खूश आहेत. मात्र पक्की मंजुरी देण्याआधी जिथून ही रीत आली तो फड त्यांना डोळ्यांनी बघायचाय. पुढच्या महिन्यात आपल्या गावी येतील. तीन पिढ्यांत आमच्या फडावर भांडण झालेलं नाही, असं मी सांगून बसलोय. तेव्हा नारळाचं काय ते त्याआधी उरकून घ्या. लीलाच्या संसाराचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा. नानांनाही कालच पत्र टाकलंय. त्यात लिहिलंय की आबा नारळ तुमच्या हाती द्यायला तयार आहेत, फक्त बोलायला लाजतात. ते पत्र तुमच्या आधी पोचेल. दारात खोकला ऐकू आला तर काढा दोन कप ठेवायला सांगा.