मुलगी सुखात आहे

बोदवड,
१५ सप्टेंबर १९६८

जावईबापू सुकदेव यांस,

चुडामण आबाचा सप्रेम जयभीम. तुमची आणि विहीणबाईंची तब्येत ठीक असेल. मी बरा आहे. ज्वारी यंदा चांगली आहे म्हणतात. मला शेत नाही, फाटकावर ड्युटीला असताना रुळांच्या दोन्ही अंगांना जे दिसायचं तेवढंच माझं रान. आता नोकरी संपली, तेही दिसत नाही. दिवस फार मोठा वाटतो.

तुमचं पत्र आषाढात मिळालं. उत्तराला उशीर झाला. तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे, तिच्याकडे येतोच. आधी इकडचं सांगतो.

या पावसाळ्यात आमच्या विहारात एक भंतेजी वर्षावासाला आले आहेत. वऱ्हाडाकडचे आहेत, वयाने माझ्याहून लहान. रोज संध्याकाळी प्रवचन असतं. एकदा त्यांनी ‘यथाभूत’ हा शब्द सांगितला, तर बाया ‘भूत’ ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या. भंतेजीही हसले. म्हणाले, “जे आहे, ते आहे तसं पाहायचं. त्यात आपल्या मनाचं घालायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही.” मला वाटलं, यात काय अवघड आहे? मी तर जन्मभर सिग्नल पाहिले.

मागच्या आठवड्यात भोजनदानाची पाळी माझी होती. भाकरी शेजारच्या झुंबरबाईने करून दिल्या, भाजी मी केली. जेवण झाल्यावर भंतेजींनी विचारलं, “घरात कोण कोण?”

“मी एकटाच. एक मुलगी, ती धुळ्याला दिली.”

“सुखात आहे?”

“हो. सुखात आहे.”

“शेवटची कधी पाहिलीत?”

जावईबापू, प्रश्न साधाच होता. मी उत्तर न देता पाण्याचा तांब्या भरायला उठलो. भंतेजी उठून गेले नाहीत, समजूतही घातली नाही. मी परत येऊन बसलो. मग म्हणाले, “दुःख आहे की नाही, एवढंच बघा. ते वाढवू नका, झाकू नका.” आणि पात्र घेऊन निघाले.

दोन वर्षांमागे तुमची तार आली त्या दिवशी मी मिळेल त्या गाडीने निघालो होतो, हे तुम्हाला माहीत आहे. चाळीसगावला उतरलो तर धुळ्याची गाडी निघून गेलेली. दुसऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो. पोचलो तेव्हा तुम्ही सगळे पांझरा नदीवरून परत आलेले, डोकी ओली. विहीणबाई दारात म्हणाल्या, “भाऊ, ती आते नही शे.” मंजुळा आता नाही हे सांगणाऱ्या त्यांच्याकडे मी असं पाहिलं, जणू त्यांनीच काही केलं. ताप डोक्यात गेला, डॉक्टरने सगळं केलं, तुम्ही सांगत होता. मला ऐकू येत होतं, पण तिचं तोंड काही मला पाहायला मिळालं नव्हतं. मी उंबऱ्यावरूनच फिरलो.

बोदवडला उतरलो तेव्हा कोणीतरी विचारलं, “आबा, मंजुळा कशी आहे?” मी म्हणालो, “बरी आहे.” तेव्हापासून तेच म्हणत आलो. गल्लीत, विहारात, दुकानात. मागच्या दिवाळीत कापडवाल्या इंदरचंदशेठकडून लेकीसाठी म्हणून लुगडंही आणलं.

भंतेजी गेले त्या दुपारी मी झुंबरबाईच्या दारात गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, “झुंबर, मंजुळा वारली.”

तिने सूप खाली ठेवलं. “आम्हाले माहीत हाये, आबा,” ती म्हणाली. “साऱ्या गल्लीले माहीत हाये. तुम्ही बोलले नाही, म्हनून आम्ही बोललो नाही.”

म्हणजे दोन वर्षं सगळा गाव माझ्याशी मान डोलावत होता. इंदरचंदशेठ एरवी दहा लुगडी उलगडून डोकं खातात, त्या दिवशी त्यांनी एकही शब्द न बोलता घडी बांधून दिली होती. सगळ्यांना दिसत होतं. मी एकटा सोडून. मी तिथेच त्या ओट्यावर बसून रडलो. झुंबरबाई तांदूळ निवडत राहिली, आणि ते बरं वाटलं.

ते लुगडं मी झुंबरबाईलाच दिलं. तुमच्याकडे पाठवावं असं एकदा मनात आलं होतं, पण ते मंजुळासाठी घेतलेलं आहे. तुमच्या घरी दुसरीच्या अंगावर ते घालून, तिला मंजुळा समजत, मी परत तेच करीत राहिलो असतो. झुंबरबाई ते नेसून कामाला जाते. मी पाहतो. लुगडंच आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं. लग्न करा. तुम्ही माझ्या होकारासाठी थांबलात, तुमच्यावर ते बंधन नव्हतं. मुलगी चाळीसगावची आहे असं लिहिलंत. चांगली माणसं असतील. विहीणबाईंना सांगा, त्या दिवशी त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

आनंद झाला असं मी लिहीत नाही. झाला नाही. घर रिकामं आहे आणि रिकामंच राहील, हेही आता दिसतं. पण तारीख कळवा, मी येईन. पांझरेच्या काठावरची ती जागा आधी मला दाखवा, मग लग्नाला बसू.

मांडवात कोणी विचारलं की हे पाहुणे कोण, तर माझ्याकडे पाहून अडखळू नका. सांगा, हे माझ्या वारलेल्या बायकोचे वडील. मी शेजारीच उभा असेन. ऐकून घेईन.

आपला,
चुडामण