नऊ नंबरचा ठोकळा

बाबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी अजून वहिनीवर जळते. हे काही जळायचं वय नाही, घरात नातवंडं खेळतात. पण खरं आहे ते लिहिते.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. दादा भट्टीच्या कामावर, तुम्ही सुतारकामावर, आणि आपण सगळे कारखान्याजवळ मरोद्याला दोन खोल्यांत. परदेशी इंजिनीयरांच्या विश्रामगृहात तळघराचं छत करायचं काम तुमच्याकडे आलं होतं. वर लाकडी जमीन, खाली तिच्या तुळया उघड्या. वरून कोणी चाललं की सगळं थरथरायचं. फळ्या मारून छत झाकण्याआधी दर दोन तुळयांच्या मध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवायचे, म्हणजे तुळया एकमेकींना धरून राहतात, असं तुम्ही जेवताना सांगितलंत. मला वाटलं, मलाच सांगताय. बघते तर वहिनी भात वाढायची थांबून ऐकते आहे.

तुळया वाकड्यातिकड्या, म्हणून प्रत्येक फटीचं माप वेगळं. तुम्ही पट्टीवर खुणा करून मापं घरी आणायचात. वहिनी अंगणात करवत चालवायची, आणि तिला अक्षरओळख नव्हती म्हणून ठोकळ्यांवर पेन्सिलीने नंबर मी घालायचे. करवत आधी मी मागितली होती. “तुहे हात बारके आहेत, तू नंबर टाक,” म्हणालात. मग तिने कापलेल्या लाकडावरून अंगठा फिरवून मलाच दाखवलंत, “पाह्य, रेघेवरून केसभर हालली नाही. हिच्या हाताले डोळे आहेत.” माझ्या नंबरांना तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत. नंबरांना कोण काय म्हणणार?

त्या संध्याकाळी मी चारच्या ठोकळ्यावर नऊ लिहिला आणि नऊच्या ठोकळ्यावर चार. दोघांत बोटभराचा फरक होता. चूक नव्हती ती, दोनदा बघून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या फटीत ठोकळा लांब झाला तो तुम्ही कापून बसवलात. थोडं जास्त ठेवलं असेल सुनेने, असं तुम्हाला वाटलं असणार. नऊच्या फटीत मात्र आखूड निघाला, तोही साहेब खाली उभे राहून बघत असताना. तो ठोकळा हातात घेऊन तुम्ही घरी आलात.

वहिनी तुम्हाला, सासऱ्यांना, मामाजी म्हणायची. ती म्हणाली, “मामाजी, मी तं खुणेवरच कापलं होतं.”

“मंग हा आखूड कावून झाला?”

उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी सुपातले तांदूळ निवडत राहिले. “राहू दे पोरी. आता मीच कापीन,” एवढंच बोललात. मला आनंद झाला, बाबा. त्या दिवशी मी पोटभर जेवले. वाटलं, आता करवत माझ्याकडे येणार. तुम्ही ती खिळ्याला टांगली ती पुन्हा आम्हा दोघींपैकी कोणाच्याच हाती दिली नाहीत.

परवा वहिनीकडे बसले होते. तिचे हात आता कापतात. त्या हातांकडे बघत ती म्हणाली, “बाई, त्या ठोकळ्याचा मी अजून इचार करून राहिली. माहा हात कसा चुकला? मामाजीले साहेबासमोर खाली पाहा लागलं.” मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण मनात काय आलं, तर इतकी वर्षं तुमच्यासाठी झुरण्याचा मानही हिनेच घेतला. मी म्हणाले, “जाऊ दे वहिनी, होतं असं कधी.”

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही कोणाला सांगणार? सांगायचं ते तिला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, आणि मी दर वेळी चहा पिऊन परत येते.