आंतरराष्ट्रीय सायबर सहकार्य समिती, संगमनेर तालुका

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून कमी बोलायचं. निश्चय पक्का. जे बोलावंसं वाटेल ते इथे लिहायचं आणि वही मिटायची.

कारणही तसंच. झुंबरवहिनी अश्विनीला घेऊन परड्यातल्या दाराने आल्या. थोरले बंधू गेल्यापासून मायलेकी शेजारच्या दोन खोल्यांत राहतात. मधल्या दाराला कधी कडी नसते. अश्विनी संगमनेरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुणा हरामखोराने तिचा चेहरा कापून भलत्याच उघड्या शरीराला चिकटवला आणि परदेशातल्या वेबसाईटवर टाकला. वर पैसे मागतो. नाही दिले तर कॉलेजच्या ग्रुपवर टाकीन म्हणतो. पोर कॉलेजला जात नाही, धड जेवत नाही.

चेहरा भाऊबीजेच्या फोटोतला. तो फोटो मीच फेसबुकवर टाकला होता. चांगलाच आला होता. लाइकही भरपूर पडले.

वहिनी म्हणाल्या, भावजी, तुमी डेअरीचे चेअरमन हुता, तुमाला लई वळखी हायेत, कायतरी करा. पन गावात कुनाला कळू देऊ नका, पोरीला तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई. मी शब्द दिला. माझ्या पोटातली गोष्ट बाहेर येत नाही. हे ऐकून आमची ही चुलीपाशी हसली. कशाला, ते कळलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
नगर. (अहिल्यानगर म्हणायचं ठरवलं आहे, पण तोंडात नगरच येतं.) सायबर पोलिसांच्या ऑफिसात एक बाई फौजदार होत्या. वयाने लहान. तक्रार नीट लिहून घेतली. म्हणाल्या, वेबसाईटचं मशीन एका देशात, पैसे मागणारा बहुधा दुसऱ्याच देशात. आपली यंत्रणा त्यांच्या यंत्रणेला कळवते. अशा कामासाठी बऱ्याच देशांत एक माणूस चोवीस तास फोनवर असतो. आधी पुरावा जपून ठेवतात, मग वेबसाईटवरून फोटो काढून टाकतात. पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका.

मी म्हटलं, त्या माणसाचा नंबर द्या, मी बोलतो. म्हणाल्या, तसा देता येत नाही. म्हणजे तसा कुणी नसणार.

निघताना परत परत बजावलं, मुलीचं नाव कुठेही जाऊ देऊ नका. मी सांगितलं, मॅडम, बावीस वर्षं सहकारात काढली आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार
विचार केला. देशादेशांचं सहकार्य म्हणजे काय मोठं? डेअरीच आहे. एकाकडे गाय, दुसऱ्याकडे कॅन, तिसऱ्याकडे थंड करायचं मशीन. कुणीतरी मधे बसून मेळ घालणारा लागतो. पोलिसांना ही कामाची पद्धत माहीत नाही. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. असं कुठे काम होतं?

समिती स्थापन. अध्यक्ष मी. लेटरपॅड छापायला टाकलं. झेडपीची निवडणूक तोंडावर आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

वेबसाईटचं मशीन ज्या देशात आहे, त्या देशाच्या वकिलातीला पत्र लिहिलं. मराठीतच. त्यांच्याकडे भाषांतर करणारे असतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
समितीची पहिली बैठक. डेअरीतले जुने सहकारी बिभीषण आणि रामहरी, शिवाय चहावाला. चहा माझ्याकडून.

बिभीषणने विचारलं, एकदम सायबर कुठून काढलं चेअरमन? मी नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की आमच्याच घरातली गोष्ट आहे. रामहरीने विचारलं, कुनाच्या, तुमच्या पोरांची? मी म्हणालो, माझ्या पोरांची नव्हे, थोरल्यांकडची. त्यापुढे एक अक्षर नाही. स्वतःवर एवढा ताबा असू शकतो, असं मलाही वाटलं नव्हतं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुमच्या तोंडाला झाकनच न्हाई. अडाणी माणसाला गुप्तता समजत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वकिलातीचं उत्तर नाही. दुसरं पत्र, जरा कडक भाषेत.

अश्विनी स्वतःच त्या वेबसाईटवाल्यांना इंग्रजीत लिहीत बसते. फौजदारबाई तिला फोनवर सांगतात, ती तसं पाठवते. मी म्हटलं, बाळ, असल्या कामाला वजन लागतं. ती म्हणाली, नाना, तुमी फक्त गप ऱ्हावा, बाकी कायच करू नका. ताण आला आहे पोरीला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
यश!!

फौजदारबाईंचा फोन आला. तिकडच्या पोलिसांनी वेबसाईटवाल्यांना गाठलं आणि सगळे फोटो काढून टाकायला लावले. पैसे मागणाऱ्याचाही माग लागतो आहे. अश्विनी पोटभर जेवली. सोमवारपासून कॉलेजला जाते म्हणाली. वहिनी रडल्या. म्हणाल्या, देवाची कृपा, गावात कुनाला कायबी कळलं न्हाई.

माझंही मन भरून आलं. वकिलातीने उत्तर दिलं नाही, पण आतून हालचाल केली. मोठी माणसं अशीच असतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार
काम झालं की सत्कार झालाच पाहिजे. डेअरीत नवा कॅन आला तरी आम्ही नारळ फोडायचो.

वाल्मिकला फ्लेक्स सांगितला. त्याचं दुकान संगमनेरला एस.टी. स्टँडसमोर आहे. एक फ्लेक्स स्टँडवर, एक गावाच्या वेशीत. मजकूर मीच दिला: परदेशी सायबर गुन्हेगारांवर मात! पुतणीच्या अब्रूसाठी सातासमुद्रापार झुंज देणारे नेतृत्व, मा. गहिनीनाथ (नाना). पोरीचं नाव मुद्दाम घातलं नाही. पुतण्या काय सगळ्यांनाच असतात.

वाल्मिकने फोटो मागितला. म्हटलं, माझ्या फेसबुकवरचा भाऊबीजेचा घे, त्यात मी बरा दिसतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
राहुरीला कृषी विद्यापीठात होतो. तिथेच मोबाईलवर प्रूफ आलं. बारकाईने तपासलं. माझा चेहरा काळपट होता, उजळ करायला सांगितला. मिशी नीट करायला सांगितली. बाकी ओके.

राहुरीतच मुक्काम.

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी
एस.टी.तून उतरलो. स्टँडवर गर्दी. लोक मोबाईलवर फ्लेक्सचे फोटो काढत होते. ऊर भरून आला.

जवळ गेलो. मी मोठा, मधोमध. खाली फुलांच्या गोलात अश्विनी. नाव, गाव, कॉलेज. हार्दिक अभिनंदन.

वाल्मिक म्हणाला, अभिनंदनाच्या फ्लेक्सवर ज्याचं अभिनंदन त्याचा फोटो असतोयच की नाना. नाव-गाव बिभीषणभाऊंनी सांगितलं. अन् प्रूफ तुमीच ओके केलं. त्याचं म्हणणं चूक नाही, पण हे बोलायची ही पद्धत नव्हे.

शेजारी दोन पोरं मोबाईलवर काहीतरी शोधत होती. कुठले फोटो हुते रे, असं एक दुसऱ्याला विचारत होता.

अश्विनी सकाळी, वेशीतला फ्लेक्स लागायच्या आधी, कॉलेजला निघाली ती याच स्टँडवर उतरली म्हणे. तिथूनच परत फिरली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
दोन्ही फ्लेक्स उतरवले. वेशीतला मी स्वतः. पण आता तो तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर आहे.

फौजदारबाईंचा फोन आला. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, नाना, परदेशातल्या फोटोसाठी कुणाला लिहायचं ते मला माहीत होतं. हा उतरवायला मी कुठल्या देशाला लिहू?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
अश्विनी मामाकडे सोनईला गेली. कॉलेजचं काय, कुणी काही सांगत नाही. जाताना मी अंगणात उभा होतो. म्हटलं, बाळ, मी चांगल्यासाठीच केलं. ती म्हणाली, नाना, ज्यानं फोटो बनवला त्यो मला वळखत तरी नव्हता.

एवढंच बोलली. लहान आहे. समजेल तिला पुढे.

मला फार वाईट वाटतं आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण सांगायला कुणी नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
समितीची बैठक. कुणी आलं नाही. चहावालासुद्धा.

वेशीतला फ्लेक्स हिने गोठ्यावर टाकला, रंगाची बाजू खाली. धार काढायला बसलं की वर माझाच चेहरा. फुलांचा गोल हिने कात्रीने कापून चुलीत घातला.

वहिनींना नवीन लेटरपॅड दाखवावं, त्यावरून माफीचं पत्र काढावं, असा विचार करून परड्यात गेलो. मधल्या दाराला आतून कडी होती. हाक मारली. आत भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मी बराच वेळ उभा राहिलो. मग भांड्यांचा आवाज परत सुरू झाला.