दारावर तुझी आई उभी असते

१२ नोव्हेंबर, रविवार दुपार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तू पाठवलेली लोकरीची टोपी मला घट्ट होते. तुमचं डोकं मोठं आणि आत नुसत्या कविता, असं तुझी आई म्हणायची. म्हणते.

आई फोनवर का येत नाही, असं तू परत विचारलंस. अगं, ती कामात असते. तेच सांगायला बसलोय.

आपली चर्चची मंडळी पार ओसरली होती. जे येत ते मागच्या रांगेत बसत आणि आशीर्वाद झाला की पाखरांसारखे भुर्र. नवे पाळक तरुण आहेत. म्हणाले, "काका, हाताला काम मिळालं की माणूस पाहुणा राहत नाही." सभा घेतली, प्रत्येकानं एकेक काम घ्या म्हणाले. सगळे खाली बघत बसले, जणू फरशीत काही हरवलंय. शिंपी म्हणाला, "बघू पुढं." म्हणजे नाहीच.

तेवढ्यात तुझी आई उठली. "दारावर मी उभी राहीन." येणाऱ्यांचं स्वागत करायला आयुष्यभर तीच तर उभी राहिलेली. नाही कोण म्हणणार?

पुढच्या रविवारी पहिला आला शिंपी. तुझा शाळेचा पहिला फ्रॉक शिवणारा. आईनं त्याचा हात हातात घेतला. "नवीन दिसता. या, या. तेवढ्या खुर्च्या लावू लागा, म्हणजे ओळखी होतील."

"वहिनी, थट्टा पुरे हं," तो हसला. मग तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मुकाट्यानं खुर्च्या लावायला गेला.

पोस्टमास्तर आले, त्यांच्या हाती गीतपुस्तकं दिली. गवंड्याची बायको आली, तिच्याकडे रडकी पोरं. त्याच्या पुढच्या रविवारी सगळे पुन्हा नवीन.

 आता लोक लवकर येतात, दारात रांग लावतात. शिंपी दर खेपेला म्हणतो, "हो बाई, आजच आलो. काय करू सांगा." रिकाम्या हातानं बसणारं कोणी उरलं नाही. शेजारच्या चर्चचे लोक पाळकांना विचारून गेले, तुम्ही युक्ती तरी काय केलीत? 

हे तुला गंमत म्हणून लिहायचं ठरवलं होतं.

तुला आठवतं, संध्याकाळी मी शाळेतल्या कवितेची एक ओळ म्हणायचो आणि दुसरी स्वयंपाकघरातून यायची? मी अजून म्हणतो. ओळ म्हणून झाली की थांबतो. नळ गळत असतो, तेवढा ऐकू येतो.

आज सकाळी तिला दारावर सोडलं, ओली छत्री व्हरांड्यात ठेवली आणि आत जायला वळलो. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"नवीन आहात का?"

मी हो म्हटलं.

"एकटेच आलात?"

"नाही. बायको आहे बरोबर."

"मग बाहेर का ठेवलीत तिला? लाजत असेल बिचारी. येईल हळूहळू." मग माझ्या कोटाची कॉलर सारखी केली, नेहमी करते तशीच. "तोवर असं करा, हे दार धरून उभे राहा. वाऱ्यानं आपटतं."

सगळी उपासना मी दार धरून उभा होतो. आत गाणं चाललं होतं. शिंप्यानं खुर्ची आणून माझ्यामागे ठेवली. मी बसलो नाही.

चिमणे, देवाशी तुझं जे भांडण आहे ते असू दे, मी मध्ये पडत नाही. पण एका रविवारी ये. दारात 'आई' म्हणून हाक मारू नकोस, ती गोंधळते. नवीन आहे म्हण. ती हात धरील. हात अजून तसाच उबदार आहे गं. आणि ती सांगेल ते काम कर.

दार मी धरून ठेवतो.

तुझा
बाबा