कारखान्याला मालक एकच

मी, श्रीमती सुचेता सूर्यकांत मुतालिक, वय ७३, राहणार बसवनगुडी, बेंगळूर, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर चिरंजीव ध्रुव यास. गच्चीची गळती त्याने आधी काढावी.

२. बँकेतील ठेवी ध्रुव व कन्या मैत्रेयी यांना समसमान.

३. बोम्मसंद्रा येथील, पत्र्याचे सुटे भाग काढणारा प्रेसचा कारखाना, यंत्रे व डाय म्हणजे साचे यांसह, एकट्या मैत्रेयीस. याचे कारण लिहिणे भाग आहे.

कोणी नाराज होऊ नये म्हणून सासऱ्यांनी कारखाना दोन्ही मुलांना निम्मा-निम्मा दिला. कोणी काय बघायचे, ते लिहिले नाही. माझे पती आणि धाकटे दीर दामोदर दोघेही सगळेच बघू लागले. एकाने चढवलेली डाय दुसरा उतरवी. फोरमन बसवंत मला म्हणाला होता, "अक्का, एक मालक म्हणतो चालू, एक म्हणतो बंद. सरी, बरं, मी दोघांचं ऐकतो. पण प्रेसला कसं समजावू?" कामगारही शिकले. एकाने रजा नाकारली की दुसऱ्याकडे जायचे. शेवटी मोठ्या गिऱ्हाइकाला दोघांनी दोन तारखा दिल्या. गिऱ्हाईक गेले, भाऊ वेगळे झाले. कारखाना माझ्या पतींकडे राहिला, त्यांच्यामागे माझ्याकडे आला. दोघांपैकी वाईट कोणीच नव्हता, हेच मनाला लागते.

४. दोघा भावांचा डबा मी आणि जाऊ हेमलता मिळून भरत असू. वाटणीत त्या पितळी डब्याचे वरचे दोन कप्पे तिने नेले. माझ्याकडचे दोन तिला द्यावेत. बाजारात भेटलो की आम्ही दोघी अजून भाजीकडेच बघतो.

५. ध्रुव म्हणाला होता, "आई, दोघांच्या नावावर कर ना. आम्ही काय बाबा-काकांसारखे आहोत?"

मैत्रेयी म्हणाली, "नाही? मग शनिवारी येऊन बसवंतअण्णांना न विचारता पोरांना ओव्हरटाइम कोणी कबूल केला?"

दोघे हसले. मला हसू आले नाही.

मैत्रेयीने ध्रुवचा सल्ला जरूर घ्यावा, हुकूम मात्र तिचाच. तिनेही बसवंतला डावलून कामगारांना परस्पर काही सांगू नये.

ध्रुव, तुला हे लागेल. घराची किंमत जास्त असली तरी बाबांच्या खुर्चीची भरपाई त्याने होत नाही, हे मला कळते. अबोला धरायचाच असेल तर माझ्याशी धर, माझे आता काही अडणार नाही. बहिणीशी मात्र बोलत राहा.

अंमलबजावणी वकील गिरीराज हेरेकर यांनी करावी.

(सही) सुचेता सूर्यकांत मुतालिक

सुचेताबाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर:
१. (सही) डॉ. शिवानी हंगल
२. (सही) गुंडो रामचंद्र देसाई

बेंगळूर, ९ फेब्रुवारी २०२५